रस्ते बंद, शर्यत सुरू : आयल ऑफ मॅन टीटीची पहिली वारी

शुक्रवार, ३१ मे २०२४

टीटीला, म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरच्या 'टूरिस्ट ट्रॉफी' ह्या मोटरसायकल शर्यतीला, जायचं तर आधी बोटीचं तिकीट काढायचं, मग सुट्टी मागायची आणि राहण्याजेवणाचं नंतर बघायचं, असं दादाने गेल्या वर्षीच बजावून ठेवलं होतं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो लेस्टरला, मी कॉव्हेंट्रीला. एका वर्षीची शर्यत संपते न संपते तोच पुढच्या वर्षीची गाडीसकट जायची तिकिटं निघतात आणि बघता बघता संपतात. आम्हाला मिळालं ते हेशम बंदरातून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या बोटीचं. ते हातात आलं त्या संध्याकाळी मी कोल्हापूरला आप्पांना फोन केला. "टीटी म्हणजे तीच ना गं, डोंगरावरनं जाणारी?" आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं जावा मोटरसायकल चालवली, त्यांना टीटी सांगावी लागली नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आयल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं बेट. साधारण ५२ किलोमीटर लांब, २२ किलोमीटर रुंद, वस्ती ८५ हजारांच्या आत. मे संपता संपता इथले नेहमीचे रस्ते, म्हणजे एरवी ज्यांवरून शाळेची बस आणि टपालाची गाडी जाते तेच, कायद्याने बंद करतात आणि त्यांवर मोटरसायकलींची शर्यत लावतात. पहिली शर्यत १९०७ साली झाली. १९११ पासून ती डोंगरावरून जाते. एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे ६० किलोमीटरच्या वर, आणि तीत दोनशेहून जास्त वळणं. आजवरची सगळ्यात वेगवान फेरी पीटर हिकमनची, २०२३ सालची: ताशी १३६.३५८ मैल. किलोमीटरमध्ये २१९. आणि ही सरासरी आहे. गावातले चौक, पूल, काटकोनातली वळणं सगळं धरून.

माझी गाडी रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५०, चेन्नईत बनलेली. दादाची ट्रायम्फ टायगर. स्टॅफर्डच्या पुढे एम-६ वर बाईकच बाईक दिसायला लागल्या. मागच्या सीटवर बांधलेला तंबू, बाजूच्या पेट्यांवर आधीच्या टीटींचे स्टिकर, पेट्रोलला थांबलं की जो तो एकच विचारणार: "रात्रीची बोट का?" लँकेस्टरला मोटरवे सोडला आणि अणुवीज केंद्राला वळसा घालून हेशमच्या धक्क्यावर पोचलो, तेव्हा रांगेत शेकडो गाड्या उभ्या होत्या. जर्मन, डच, आयरिश नंबरप्लेटा. बोटीच्या पोटात खलाशांनी गाड्या एकीला एक लावून घेतल्या, प्रत्येकीच्या सीटवर जाड गादी टाकली आणि त्यावरून पट्टा आवळून जमिनीतल्या कड्यांना बांधून टाकला. "गिअरमध्ये ठेवा, हँडल लॉक नको," एवढंच बोलले. आपली गाडी दुसऱ्याच्या हाती बांधायला देताना जीव थोडा खालीवर होतो. पण त्यांचे हात बघितले आणि मी निमूट जिना चढले.

शनिवार, १ जून

पहाटे डग्लसच्या धक्क्यावर उतरलो. समोर अर्धचंद्राकृती किनारा, त्याच्या कडेने जुन्या हॉटेलांची रांग, आणि सगळीकडे बेटाचं चिन्ह: गुडघ्यात वाकलेले तीन चिलखती पाय, एकमेकांना मांडीशी जोडलेले. कसंही फेका, उभंच राहील, असं त्याखालचं लॅटिन वाक्य सांगतं.

टीटीच्या पंधरवड्यात हॉटेलं पुरत नाहीत, म्हणून इथली कुटुंबं आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. आमची खोली ऑन्कनला, एका निवृत्त जोडप्याकडे. आजोबा हिलबेरीच्या वळणावर मार्शल म्हणून उभे राहतात. नाश्त्याच्या टेबलावर त्यांची नारिंगी बंडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती. मार्शल म्हणजे स्वयंसेवक. पगार नाही. नाव नोंदवून सही केली की त्या दिवसापुरते त्यांना पोलीस शिपायाचे अधिकार मिळतात. साठ किलोमीटरच्या वाटेवर असे पाचशेहून जास्त मार्शल आपापल्या जागी उभे राहिल्याशिवाय शर्यत सुरूच होत नाही. आजींनी दूध, पाव आणि औषधं आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. रस्ता बंद झाला की पलीकडच्या फुटपाथवर जायचीसुद्धा सोय नसते.

हे सगळं ह्या बेटावरच का, ते आजोबांनी चहा ओतता ओतता सांगितलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि सार्वजनिक रस्त्यांवर शर्यतीला परवानगी मिळेना. आयल ऑफ मॅनची संसद वेगळी, टिनवाल्ड तिचं नाव, आणि तिचे कायदेही वेगळे. तिने १९०४ साली रस्ते बंद करण्याचा कायदा केला. आधी मोटारी धावल्या, तीन वर्षांनी मोटरसायकलींची टीटी सुरू झाली. आजोबा ही हकीगत अशी सांगत होते, जणू कायदा मंजूर होताना ते स्वतः सभागृहात बसले होते.

रस्ते बंद व्हायच्या आत आम्ही बॅलॉ गाठलं. गेलो तेही शर्यतीच्याच रस्त्याने, कारण दुसरा सोयीचा रस्ता नाही. कर्क मायकल गावात घरांच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावरून रस्ता जातो. खिडकीत कुंड्या, दारात दुधाच्या बाटल्या. काही तासांनी इथून ताशी २४० किलोमीटरच्या पुढे गाड्या जाणार होत्या.

बॅलॉला रस्त्यात एक छोटा कमानी पूल आहे, उंटाच्या पाठीसारखा वर आलेला. एरवी बस इथून हळूच जाते. शर्यतीत गाडी दोन्ही चाकांनी हवेत जाते. वेग पार खाली आणायचा, हँडल सरळ ठेवायचं, आणि उतरताना मागचं चाक आधी टेकवायचं. १९३९ साली बीएमडब्ल्यूचा कार्ल गाल सरावात इथे पडला आणि त्यातच गेला. त्याच वर्षी त्याचा सहकारी गेओर्ग मायरने सीनियर टीटी, म्हणजे टीटीतली मानाची शर्यत, जिंकली. परदेशी गाडीवर सीनियर जिंकणारा तो पहिला परदेशी. गालच्या नावाची पाटी पुलाजवळ आहे. मी तिथे थोडा वेळ थांबले.

रस्ता बंद झाल्यावरचा तास माझ्या डोक्यातून जात नाही. साठीच्या एक मार्शलबाई लांब दांड्याचा झाडू घेऊन पुलाचा उतार झाडत होत्या. झाडायच्या, वाकून बोटाने खडी तपासायच्या, पुन्हा झाडायच्या. एका जागी कुठल्यातरी गाडीचं तेल सांडलं होतं. त्यावर सिमेंटची पूड टाकून ती चांगली चोळली, झटकली, आणि तळहात टेकवून बघितलं. मग काठावरच्या कोणाला तरी म्हणाल्या, "पाय भिंतीच्या आत." तो माणूस लगेच मागे सरकला.

मग लांबून, झाडांच्या पलीकडून, आवाज आला. शर्यत सगळ्यांना एकदम सोडून होत नाही. एकेक गाडी दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटते आणि प्रत्येकाची लढाई घड्याळाशी. त्यामुळे समोरून आधी गेलेला पुढे असेलच असं नाही. सगळे जण कानाला छोटे रेडिओ लावून बसलेले असतात. सुपरस्पोर्ट वर्गाच्या, बहुतेक ६०० सीसीच्या, गाड्या गिअर उतरवत आल्या, पुलावर उचलल्या गेल्या, धप्पकन उतरल्या आणि समोरच्या भिंतीपासून वळून निघूनही गेल्या. हवेत असताना इंजिनाचा आवाज क्षणभर चिरका होतो, कारण मागच्या चाकाला जमीनच नसते. ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

त्या दिवशी उत्तर आयर्लंडचा मायकल डनलॉप जिंकला, आणि त्याचे टीटीतले २६ विजय झाले. काका जोई डनलॉपच्या बरोबरीने. जोईने आपला सव्विसावा २००० साली, वयाच्या ४८ व्या वर्षी मिळवला होता आणि पुढच्याच महिन्यात एस्टोनियातल्या शर्यतीत त्याचा जीव गेला. चोवीस वर्षं तो आकडा कोणी गाठला नव्हता. रेडिओवर निकाल आला तेव्हा माझ्या शेजारचे आयरिश काका काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवून बसून राहिले.

साइडकारची, म्हणजे दोघांनी मिळून धावायच्या तीनचाकी गाडीची, शर्यतही बघितली. ह्या प्रकारात मागचा माणूस सीटवर बसत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यापासून वीतभर उंचीवर, सगळं अंग बाहेर काढून लटकतो आणि पुढच्या वळणाआधी पलीकडे जातो. १९५४ साली जर्मनीची इंगे श्टोल अशीच लटकून धावली, टीटीत उतरलेली ती पहिली बाई. एकटीने गाडी चालवणारी पहिली बेरिल स्वेन, १९६२ मध्ये, ५० सीसीवर. शर्यत पूर्ण केली आणि पुढे बायकांसाठी हे धोक्याचं म्हणून तिचा परवानाच काढून घेतला. मग २०१० साली जेनी टिनमथने ताशी ११९.९४५ मैलांची फेरी मारली. ही नावं मी दादाला ऐकवत होते तर तो म्हणाला, "अगं, स्वेनबाईंचं मला माहीतच नव्हतं." आता माहीत झालं.

रविवार, २ जून

आज सुपरबाईक, म्हणजे सगळ्यात ताकदवान गाड्यांची शर्यत, सहा फेऱ्या. आजींची बहीण ब्रे हिलच्या उतारावर राहते. तिच्या अंगणाच्या भिंतीमागे आमची जागा. ब्रे हिल म्हणजे डग्लस शहरातली एक उतरती वस्ती. दोन्हीकडे दुमजली घरं, बसथांबा, दिव्यांचे खांब. शर्यत सुटते त्या ग्लेनक्रचरी रोडवरून सिग्नलच्या चौकात येऊन गाड्या ह्या उतारावर स्वतःला झोकून देतात.

पहिली गाडी मी बघितली असं म्हणता येणार नाही. वरून काहीतरी आलं, भिंतीतून हादरा आला, छातीवर हवेचा तडाखा बसला, आणि मान फिरवेपर्यंत खालच्या खड्ड्यात गाडीचं पोट रस्त्याला घासून ठिणग्या उडाल्या होत्या. आवाज आल्याचं नंतर कळलं. पाच-सहा गाड्या गेल्यावर डोळे हळूहळू बसायला लागले. मग कळलं की चालवणारा गाडी हँडलने वळवतच नाहीये. हातांत गाडी सैल सोडलेली असते. ती उंचवट्या-खड्ड्यांवर हवी तशी थरथरते आणि तो गुडघ्यांनी, पायांच्या रेट्याने, नजरेने तिला रेषेवर ठेवतो. घाटात मोठा खड्डा आला की आपण हँडल घट्ट धरतो. इथे घट्ट धरलं तर संपलंच.

शेजारच्या घराच्या खिडकीत एक बिनशेपटीचं मांजर बसलं होतं. ह्या बेटाची मँक्स जातीची मांजरं अशी असतात. समोरून अडीचशेच्या वेगाने बाईक गेली तरी ते पंजा चाटत होतं. त्याच्या मागे आतल्या खोलीत कोणीतरी भाजी चिरत होतं. मला त्या दृश्याने जखडून ठेवलं. शर्यत स्टेडियममध्ये होते तेव्हा ती शर्यतच असते. इथे ती कोणाच्या तरी दारातून, कोणाच्या तरी दुपारच्या जेवणातून जाते, आणि त्या घराने तिला वाट दिलेली असते.

डनलॉप सहा नंबरने सुटला होता, हिकमन दहा नंबरने. म्हणजे दोघांत सुरुवातीलाच चाळीस सेकंदांचं अंतर. मी मोबाइलवर वेळ लावून मोजत होते. चाळिसाहून जास्त झाले की डनलॉप पुढे. आणि तो चांगलाच पुढे होता. आज सत्तावीस होणार, असं सगळ्या भिंतीवर बोलणं चाललं होतं. पेट्रोल भरायच्या थांब्यानंतरच्या फेरीत रेडिओवरचा आवाज बदलला. हेल्मेटचा व्हायझर नीट बसला नव्हता, तो सारखा करायला डनलॉपला वाटेत थांबावं लागलं होतं. शर्यत गेली. हिकमन जिंकला. भिंतीवरचे लोक हळहळले, पण हिकमन शेवटच्या वेळी गेला तेव्हा उभं राहून सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या.

संध्याकाळी पॅडॉकमध्ये गेलो. मुख्य स्टँडच्या मागे संघांचे मंडप असतात आणि कोणालाही फिरता येतं, तिकीट नाही. एका मंडपात एक मुलगी इंजिनाखालच्या बोल्टला बारीक पोलादी तार ओवत होती. बोल्टच्या डोक्याला आरपार भोक, त्यातून तार, मग पकडीने पीळ देत देत ती शेजारच्या बोल्टला अशी बांधायची की सैल होण्याच्या दिशेने बोल्ट फिरूच नये. एक गाठ झाली की नखाने तारेचं टोक दाबून आत वळवायचं, नाहीतर पुढच्या वेळी बोट फाटतं. तिच्या बोटांवर चिकटपट्ट्या होत्या. मी बघत असलेली पाहून तिने दिवा थोडा माझ्या बाजूला सरकवला. काहीच विचारलं नाही, मीही काही बोलले नाही.

घरी परतताना दादाशी जोरात वाद झाला. १९११ पासून ह्या वाटेवर अडीचशेहून जास्त स्पर्धक जिवानिशी गेलेत. १९७२ मध्ये इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती गेला आणि जगज्जेत्या जियाकोमो आगोस्तिनीने इथे पुन्हा धावायचं नाकारलं. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदातून टीटी वगळली. २०२२ च्या एकाच टीटीने सहा जण नेले, त्यात साइडकारवर एकत्र धावणारे बाप-लेक होते. दादाचं म्हणणं, "कोणी ढकलून आणत नाही त्यांना." ते खरंय. पण घरी वाट बघणारे आपखुशीने नाव नोंदवत नाहीत, हेही खरंय. मायकलचे वडील रॉबर्ट २००८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या नॉर्थ वेस्ट २०० ह्या शर्यतीच्या सरावात गेले आणि दोन दिवसांनी त्याच रस्त्यावर मायकल शर्यत जिंकला. भाऊ विल्यम २०१८ मध्ये गेला. मी ही शर्यत बघायला आले, मला ती आवडली, आणि ती चालू राहावी असं मला वाटतं. तसं वाटत असेल तर ही नावंही मला पाठ असली पाहिजेत. त्यावर दादा गप्प झाला, मग म्हणाला, "जोई तरी कुठे नुसता रेसर होता." जोई स्वतः गाडी भरून रुमानिया, अल्बेनिया, बोस्नियातल्या अनाथाश्रमांना मदत पोचवायचा. सोबत कोणी नाही, गाजावाजा नाही.

सोमवार, ३ जून

शर्यतीला सुट्टी, म्हणून रस्ता आमचा. पण आधी कासलटाउनच्या वाटेवरच्या परींच्या पुलाला जाऊन यायचं, असं आजींनी बजावलं. लहानसा ओढा, त्यावरचा पूल. जाता येता पुलावरच्या परींना नमस्कार केल्याशिवाय इथलं कोणी पुढे जात नाही, शर्यतीत धावणारेही आधी इथे येऊन जातात. झाडांना चिठ्ठ्या आणि फिती बांधलेल्या. आपल्याकडे खिंडीतल्या देवाला गाडी थांबवून नारळ वाढवतात, तीच ही रीत. दादाने हेल्मेट काढून हात जोडले. मागे थांबलेल्या डच जोडप्याने त्याचं बघून हात जोडले.

मग डग्लसहून पूर्ण फेरी. क्वार्टरब्रिज, ब्रॅडन ब्रिज, युनियन मिल्स, क्रॉस्बी. बॅलक्रेनला काटकोनात उजवीकडे आणि ग्लेन हेलनच्या झाडीत. वेगमर्यादा पाळत, गावांतून ताशी तीस मैलांनी. तीस मैलांनी गेलं की काय काय दिसतं! झाडाच्या बुंध्यांना, खांबांना, बसथांब्यांना जाड गाद्या बांधलेल्या. कडेचे दगड काळे-पांढरे रंगवलेले, नाहीतर सावलीत ते दिसत नाहीत. दर मैलाला क्रमांकाची पाटी. बॅरेगॅरोच्या उताराखाली एक पांढरं घर आहे. त्याच्या कोपऱ्याजवळून मी ताशी चाळीस मैलांनी गेले तरी गाडी खाली दबून वर आली. तिथे शर्यतीत ताशी अडीचशे किलोमीटरने जातात.

रॅम्झीनंतर चढ. टीटीच्या दिवसांत रॅम्झीपासून क्रेग-नी-बापर्यंतचा डोंगर एकेरी असतो आणि वर वेगमर्यादा नाही. बेफाम चालवलं तर पोलीस पकडतात, तेव्हा मर्यादा नाही म्हणून कायदा नाही असं नव्हे. गूझनेकच्या वळणावर खाली समुद्र दिसला. पुढे जुना शर्यतवीर जिमी गथ्रीचं स्मारक: १९३७ च्या टीटीत त्याची गाडी इथे थांबली, ती त्याची इथली शेवटची शर्यत ठरली, त्याच वर्षी जर्मनीतल्या शर्यतीत त्याचा जीव गेला. त्यानंतर मोकळा माळ. झाड नाही, घर नाही, कुंपणापलीकडे फक्त मेंढ्या. माउंटन माइलवर मी इंटरसेप्टर तिच्या मनासारखी सोडली. ४७ हॉर्सपॉवरची गाडी. सुपरबाईकवाले बाजूने वाऱ्यासारखे निघून जात होते. पण व्हेरांडाची चार उजवी वळणं एका श्वासात जोडून घ्यायची असतात, ती पहिल्यांदा जुळली तेव्हा हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडले.

बंगलोवर थांबलो. इथे डोंगराच्या माथ्यावर जाणाऱ्या ट्रामचे रूळ रस्ता ओलांडतात, १८९५ पासूनचे. गाडीवर बसलेल्या जोईचा ब्राँझचा पुतळा रस्त्याकडे बघत असतो. ट्रामने स्नेफेलच्या माथ्यावर गेलो, ६२१ मीटर. आकाश निवळ असेल तर तिथून सात राज्यं दिसतात म्हणतात: मॅन, इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, समुद्राचं आणि स्वर्गाचं. आम्हाला पहिली तीन दिसली आणि मग धुकं आलं. मॅनॅनन हा इथला समुद्रदेव. बेटावर कोणाची नजर पडू नये म्हणून तो आपला झगा पांघरतो, अशी श्रद्धा. हाच झगा डोंगरावर उतरला की शर्यत थांबते, कारण मदतीचं हेलिकॉप्टर उडू शकत नाही.

उतरताना विंडी कॉर्नरला वाऱ्याने गाडी चांगलीच ढकलली. संध्याकाळ पीलला, किल्ल्याच्या पायथ्याशी, धुरावलेल्या हेरिंग माशांसोबत. दहा वाजेस्तोवर उजेड होता.

मंगळवार, ४ जून

क्रेग-नी-बा. डोंगर संपतो तिथलं उजवं वळण आणि त्यावर एक पब. वर केट्स कॉटेजपासून सरळ उतार दिसतो. गाडी आधी ठिपका असते, मग आवाज, मग ब्रेक, गिअर खाली, खाली, खाली, आणि वळणातून बाहेर.

सुपरट्विन वर्गाची मी सगळ्यांत जास्त वाट बघत होते. इथल्या गाड्या ६५० सीसीच्या आसपासच्या, दोन सिलिंडरच्या. माझ्या इंटरसेप्टरमध्येही दोनच सिलिंडर, ६४८ सीसी. तेवढ्याच इंजिनातून हे लोक ताशी १२० मैलांची सरासरी काढतात. काल मी ह्याच उतारावरून आले होते, त्यामुळे आज कुठे ब्रेक लावतात ते नीट कळत होतं: जिथे मी आधीच दोन गिअर उतरवून बसले होते, तिथे ते अजून थ्रॉटल उघडून होते. ब्रेकची खूण माझ्या खुणेपासून भरपूर पुढे, रस्त्याकडेच्या एका फलकापाशी. तो फलक मी काल बघितलासुद्धा नव्हता.

डनलॉप पॅटन ह्या इटलीच्या गाडीवर. पहिल्या फेरीपासून रेडिओ त्याचंच नाव घेत होता. शेवटच्या फेरीला उतारावर ठिपका दिसला आणि सगळे उभे राहिले. जुनी रीत आहे, शेवटच्या फेरीला हातातला कार्यक्रमाचा कागद हलवायचा. शेकडो पांढरे कागद हलत होते. तो वळणात आला, गेला, आणि पुढे ब्रँडिशकडे त्याचा आवाज विरेपर्यंत कोणी खाली बसलं नाही. काही मिनिटांनी रेडिओवर आलं: सत्ताविसावा. टीटीच्या इतिहासात इतके विजय कोणाचेही नव्हते. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मार्शल मात्र जागचे हलले नाहीत. शेवटची गाडी येईपर्यंत पिवळा झेंडा हातात, नजर उताराकडे.

मग 'रस्ते खुले' अशी पाटी लावलेली गाडी आली. तिच्या मागोमाग पाच मिनिटांत एक बस आली, थांब्यावर थांबली, दोन पिशव्या घेऊन एक बाई उतरली.

बुधवार, ५ जून

आजोबांनी निघताना आमच्या गाड्यांच्या चेन बघून दिल्या. दुपारच्या बोटीने हेशम, तिथून एम-६ ने घर.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. बोट सगळ्यात आधी, ते सांगितलंच. ब्रिटनच्या व्हिसावर इथे येता येतं. मोबाइलचं रोमिंग वेगळं लागू शकतं, कंपनीला विचारून घ्या. बेटाच्या नोटांची किंमत पौंडाइतकीच, पण इंग्लंडच्या दुकानांत त्या घेत नाहीत, म्हणून परतण्याआधी खर्चून टाका. पावसाचे कपडे जूनमध्येही हवेत. बघायची जागा ठरवली की रस्ता बंद व्हायच्या तासभर आधी पोचा, खायला बरोबर ठेवा, आणि लाल 'प्रवेश नाही' पाटीच्या पुढे पाऊलसुद्धा टाकू नका. गावोगावच्या चर्चमध्ये चहा आणि घरचे केक मिळतात. ते पैसे चर्चच्या कामाला जातात, तिथेच खा.

ऑगस्टमध्ये ह्याच रस्त्यावर मँक्स ग्रां प्री ही मोटरसायकलींचीच दुसरी शर्यत होते. त्यासाठी दादाने आम्हा दोघांची नावं मार्शल म्हणून घालायचं ठरवलंय. प्रशिक्षण घ्यावं लागतं, पण बोटीची तिकिटं त्या दिवसांची अजून मिळताहेत.